दम महिन्यात येतो, हाडाला वेळ लागतो

पोलीस भरतीची जाहिरात आली की खान्देशातले रस्ते पहाटे साडेचारलाच जागे होतात. धुळ्याचं गरुड मैदान, जळगावात मेहरूण तलावाची कड, चोपडा-यावल रस्ता, नंदुरबारकडे सातपुड्याच्या पायथ्याचे चढ, सगळीकडे पोरं-पोरी राउंड मारताना दिसतात. कुणाच्या पायात आठवडी बाजारातले बूट, कुणाचे पाय अनवाणी. एका हातात मोबाइल, त्यावर टायमिंग चालू. हे बघून मला दरवेळी भरून येतं. एवढ्या पहाटे, एवढ्या जिद्दीने, कुणी न सांगता उठणारी ही मुलं आहेत.

आणि तीन-चार आठवड्यांनी त्यांतलीच काही माझ्याकडे येतात. नडगी धरून, गुडघा धरून, मांडीमागे हात दाबून.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या भरतीच्या वेळी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. लंगडत नव्हती, पण जिना चढताना एकच पाय पुढे टाकत होती. मी तिला बाकावर बसवलं आणि घोट्यापासून वर, नडगीच्या आतल्या कडेने, बोटभर अंतराने अंगठा दाबत गेले. खाली काही नाही. मध्ये थोडं. आणि मग एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, तिने पाय झटकन ओढून घेतला.

"रात्री पण ठणकतं का गं?"

उत्तर वडिलांनी दिलं. "ताई, दोन रातींपासून पोरगी झोपली नाही. पाय दुखी राहिना, दुखी राहिना, इतलंच बोलस."

तालुक्याच्या गावी काढलेला एक्स-रे सोबत होता. त्यात काहीच नव्हतं. एमआरआय केल्यावर नडगीच्या हाडात बारीक चीर दिसली. मुलगी चोवीस दिवसांपासून पळत होती. त्याआधी शाळा सुटल्यापासून कधी पळाली नव्हती. रोज सकाळी पाच किलोमीटर, संध्याकाळी ८०० मीटरचे तीन रिपीट, आठवड्यातून सहा दिवस.

वडिलांनी जे विचारलं त्याच प्रश्नासाठी हा लेख लिहिते आहे. ते म्हणाले, "ताई, चोवीस दिवसांत दम तर मस्त आला होता. टायमिंग कमी झालं होतं. मग हाड कसं काय गेलं?"

चौघांची चाल वेगवेगळी

धावताना शरीरातल्या चार गोष्टी एकत्र काम करतात: हृदय आणि फुप्फुसं, म्हणजे आपण ज्याला दम म्हणतो तो, स्नायू, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, आणि हाड. सरावाने चारही सुधारतात, पण चौघं एका चालीने चालत नाहीत.

दम सगळ्यांत आधी सुधारतो. पळायला लागल्यावर काही दिवसांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. दोन-तीन आठवड्यांत तोच राउंड सोपा वाटायला लागतो. स्नायूंची ताकदही पहिल्या महिन्या-दीड महिन्यात भराभर वाढते. त्यातला मोठा वाटा मेंदू आणि नसांचा असतो. आहे तोच स्नायू जास्त जोराने वापरायला मेंदू शिकतो. स्नायू खरोखर जाड व्हायला त्यापुढचे महिने लागतात. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती आणखी हळू घट्ट होते.

हाड सगळ्यांत मागे राहतं. त्याच्या दुरुस्तीची एक खोड आहे, ती कळली की अर्धा विषय कळला. ओटा फुटला तर गवंडी काय करतो? आधी फुटका भाग फोडून काढतो आणि मग नवीन कोबा घालतो. हाडही असंच करतं. नवा भार पडला की काही पेशी आधी जुनं हाड कोरून काढतात. या कामाला साधारण तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी तिथे नवीन हाड भरतात आणि त्याला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. फोडाफोडी लवकर, भरणी सावकाश. म्हणून नव्याने पळायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढे काही काळ हाड तात्पुरतं आधीपेक्षा कच्चं असतं.

आणि नेमक्या याच वेळी दम आलेला असतो! मुलं म्हणतात, आता जमायला लागलं, आता वाढवू. ओल्या कोब्यावरून भरलेली बैलगाडी न्यायची वेळ आपण नेमकी हीच निवडतो.

ही दुखणी आजची नाहीत. ब्रायटहाउप्ट नावाच्या प्रशियन सैन्यातल्या डॉक्टरने १८५५ साली नव्या शिपायांचे सुजलेले, दुखरे पाय पाहून त्याबद्दल लिहून ठेवलं होतं. तेव्हा एक्स-रे नव्हता, तो १८९५ साली आला. त्यानंतर कळलं की लांब कूच करणाऱ्या त्या शिपायांच्या पावलांची हाडं चिरलेली असत. पडणं नाही, मार लागणं नाही, फक्त चाल. शिपाई व्हायला निघालेल्या आपल्या मुलामुलींचं दुखणं तेच आहे.

आकडा बघा. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट जोर येतो. ५० किलोची मुलगी असेल तर दर पावलाला सव्वाशे ते दीडशे किलो. १६०० मीटरला साधारण हजार पावलं पडतात, पाच किलोमीटरला चार हजारांच्या वर. रस्त्याची कड उतरती असेल आणि रोज एकाच बाजूने पळत असाल तर एका पायावर रोज तिरका भार येतो. खान्देशातली काळी कपाशीची जमीनही उन्हाळ्यात डांबरासारखीच कडक होते, वर भेगा पडतात, म्हणजे घोटा मुरगळायची सोय वेगळीच. शेताचा मळलेला, सपाट मातीचा रस्ता किंवा शाळेचं मैदान मिळालं तर ते घ्या, आणि राउंडची दिशा एक दिवसाआड उलटी करा.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे गोऱ्ह्यासारखं." मी शेतकऱ्याचीच मुलगी, लगेच समजले. नवा गोऱ्हा कुणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी नुसतं जू मानेवर ठेवून फिरवतात. मग जुन्या बैलाच्या जोडीला लाकडाचा ओंडका ओढायला लावतात, मग रिकामी गाडी. गोऱ्ह्याच्या अंगात जोर पहिल्या दिवशीही असतो, पण खांदा तयार व्हावा लागतो.

ताकदीचा व्यायाम पळणाऱ्याला कशाला

मुलं म्हणतात, मॅडम, आम्हाला पळायचं आहे, वजन कशाला उचलायचं? उत्तर पोटरीत आहे. पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा तो धक्का पहिल्यांदा पोटरी, मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू झेलतात. स्नायू थकला की झेलणं कमी होतं आणि तोच धक्का हाडाकडे जातो. पाचव्या किलोमीटरला पाय धपधप आपटायला लागतात, तो आवाज ऐका. ज्याची पोटरी दमदार, त्याच्या हाडाला काम कमी.

पण पोटरी दमदार कशाने होते? इथे आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. खान्देशाला तालमीची परंपरा आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस अधिकारीही. गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारी जोर-बैठका होतात, याचा मला अभिमान आहे. जोर हा खांद्यासाठी, छातीसाठी, कण्यासाठी फार उत्तम व्यायाम आहे. पण तीनशे बैठका मारता येऊ लागल्यावर चारशे मारणं याने चिवटपणा वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. ताकद वाढते ती भार वाढवल्याने. जुने पहिलवान हे जाणून होते, म्हणून तर गदा, मुद्गल, करेला होते, आणि जोडीदाराला खांद्यावर बसवून बैठका मारायची पद्धत होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय पुन्हा उभे करताना हेच मोजून मांडलं: दहाच वेळा उचलता येईल इतकं वजन घ्या, आणि ते सोपं झालं की वजन वाढवा. आजही पाया तोच आहे. आठ ते बारा वेळा करता यावं, शेवटचे दोन-तीन जड जावेत, पण अजून दोन निघाले असते असं वाटावं, इथे थांबायचं. दोन-तीन मिनिटं विश्रांती. असे तीन सेट. आठवड्यातून दोन दिवस पुरे, तीन उत्तम, रोज नको.

जिम लागत नाही. घरात पाच लिटरचा कॅन असतो, पाणी भरलं की पाच किलो. पाठीवरच्या दप्तरात वाळूच्या पिशव्या घातल्या की हवं तेवढं वजन. ज्वारीचं अर्धं पोतं छातीशी धरून बैठक मारली की पहिल्या दहा बैठकांतच कळतं, दोनशे साध्या बैठका आणि या दहा यांत काय फरक आहे.

मला एकच व्यायाम सांगायचा असेल तर टाचा उचलण्याचा सांगेन, कारण तो सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा आहे. घराच्या पायरीच्या कडेला पावलाचा पुढचा भाग ठेवा, टाच बाहेर. भिंतीला नुसतं बोट लावा. टाच वर, वर गेल्यावर क्षणभर थांबा, मग तीन आकडे मोजत खाली, पायरीच्या पातळीच्याही खाली. आधी दोन्ही पायांनी, मग एका पायाने. निरोगी तरुण माणसाला एका पायावर पंचवीसच्या आसपास जमायला हवेत. माझ्याकडे येणाऱ्या, १६०० मीटर सहा मिनिटांत मारणाऱ्या कितीतरी मुलांचे बाराव्या-तेराव्याला पाय लटपटतात. एकदा जमायला लागलं की पाठीवर दप्तर चढवा. आणि याचाच दुसरा प्रकार गुडघा थोडा वाकवून करा, कारण पोटरीच्या आत सोलियस नावाचा चपटा स्नायू आहे आणि लांब पळताना पोटरीचं मोठं काम तोच करतो. गुडघा वाकवला की भार त्याच्यावर जास्त येतो.

त्यासोबत वजन घेऊन बैठक, ओट्यावर एका पायाने चढणं-उतरणं, पाठीवर झोपून एका पायाच्या टाचेवर कंबर उचलणं आणि कुशीवर कोपर टेकून शरीर सरळ धरणं. एवढ्यात धावणाऱ्याचं काम भागतं. उतरताना घाई करू नका. ओट्यावरून खाली येताना पाय सावकाश टेकवणं म्हणजेच ब्रेक लावायला शिकणं, आणि दुखापती बहुतेक वेळा वेग घेताना होत नाहीत, ब्रेक लावताना होतात.

हाडासाठी दोरीच्या उड्याही फार गुणाच्या, पण थोड्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की काही डझन धक्क्यांनंतर हाडाच्या पेशी नव्या धक्क्याला दाद देणं जवळपास बंद करतात, आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. म्हणून एकदम पाचशे उड्यांपेक्षा सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस बऱ्या. इस्रायलच्या सैन्यात भरती झालेल्यांच्या अभ्यासात दिसलं की भरतीआधी काही वर्षं बास्केटबॉलसारखे मैदानी खेळ खेळलेल्यांची हाडं कमी चिरली. आपल्याकडे त्याला लंगडी, खो-खो, कबड्डी म्हणतात. नववी-दहावीतल्या ज्या मुलीला पुढे भरतीला जायचं आहे तिला आज खो-खो खेळू द्या. तिची नडगी आत्ताच घडते आहे.

वजन उचलल्याने उंची खुंटते ही भीती अजून घरोघरी आहे. कुणी जाणकार बघत असेल आणि पद्धत बरोबर असेल तर वाढत्या वयातही उंचीवर परिणाम होत नाही. मुलींचे हातपाय पुरुषांसारखे होतील ही भीतीही निराधार आहे. त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन मुलींच्या शरीरात फार थोडं असतं.

शंभर मीटर आणि मांडीमागची कळ

भरतीच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. एसआरपीएफला, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाला, मुलांना पाच किलोमीटर. सगळे लांब धावण्याच्या मागे असतात आणि शंभर मीटरला थेट ग्राउंडच्या दिवशी पूर्ण जोर लावतात. साठाव्या मीटरला मांडीमागे कुणी काठी मारल्यासारखं होतं आणि मुलगा मागे वळून बघतो. मागे कुणी नसतं. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटलेला असतो.

कारण समजून घ्या. वेगात पळताना पाय पुढे फेकला जातो, आणि जमिनीला लागण्याच्या थोडं आधी त्याला मागून आवरायचं काम हॅमस्ट्रिंगचं. म्हणजे तो ताणलाही जातो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. सुटलेल्या गोऱ्ह्याचा कासरा धरून ठेवणाऱ्या हातासारखी त्याची अवस्था. त्याला हेच काम हळूहळू शिकवावं लागतं. गुडघ्यावर उभे राहा, खाली गोधडी घ्या, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि पाठ-कंबर सरळ ठेवून तुम्ही सावकाश पुढे झुकत जायचं. जिथे तोल सुटेल तिथे हात टेकायचे, हातांनी ढकलून परत वर. याला नॉर्डिक म्हणतात. फुटबॉलपटूंवरच्या अनेक अभ्यासांत या एका व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या आहेत. पहिल्या आठवड्यात पाच वेळा, एकच दिवस. त्याहून जास्त केलं तर दोन दिवस खाली बसता येणार नाही. मग सावकाश आठ-दहाचे दोन-तीन सेट.

यासोबत आठवड्यातून एकदा खरोखर वेगात पळा. आधी ६० मीटर, सत्तर-ऐंशी टक्के जोर, असे चार. काही आठवड्यांत पूर्ण जोर. आणि त्याआधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करा: सावकाश पळणं, गुडघे उचलत चालणं, पाय पुढे-मागे झुलवणं, वाढत्या वेगाच्या दोन-तीन धावा. नुसतं एका जागी उभं राहून मिनिटभर ताण देणं शर्यतीच्या तोंडावर नको. त्याने स्नायूचा झटका थोडा मंद होतो. ते संध्याकाळी करा.

गोळ्याबद्दल थोडक्यात. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. तो हाताने फेकायचा नसतो, पायांनी ढकलायचा असतो. रोज पन्नास वेळा फेकून मनगट आणि कोपर घालवू नका. दिवसाआड पंधरा-वीस फेकी पुरतात.

गुडघ्याचं एक सांगते, विशेषतः मुलींच्या आणि कबड्डी खेळणाऱ्यांच्या आयांना. उडी मारून खाली येताना गुडघे एकमेकांकडे आत वळत असतील तर गुडघ्यातल्या एसीएल नावाच्या अस्थिबंधावर भार येतो. तो तुटला की बहुतेक वेळा ऑपरेशन आणि खेळाचं जवळपास वर्ष जातं. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा काही पट जास्त आहे. ओट्यावरून उडी मारायला लावा आणि समोरून मोबाइलवर शूट करा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, आणि पावलांचा आवाज मांजरीसारखा यायला हवा.

ताटात काय आहे

आता मला ज्याची सगळ्यांत जास्त काळजी वाटते त्याकडे येते. त्या चोपड्याच्या मुलीला मी वडिलांना बाहेर बसवून विचारलं, पाळी नियमित येते का? ती म्हणाली, या महिन्यात आली नाही, पण बरंच झालं, सरावात अडथळा नाही. सकाळी ती चहा पिऊन पळायची. परत येऊन एक भाकरी, भाजी. वजन कमी असेल तर जोरात पळता येतं असं कुणीतरी सांगितलं होतं.

पाळी बंद होणं ही सोय नाही, ती शरीराने दिलेली हाक आहे. पळण्यात जेवढं खर्च होतं तेवढं ताटातून आलं नाही की शरीर एकेक खर्च बंद करत जातं. पाळी थांबते, इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, आणि इस्ट्रोजेन उतरलं की हाडाची भरणी मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या स्थितीला वेगळं नाव देऊन सगळ्या प्रशिक्षकांना सावध केलं. मुलांनाही हे होतं, फक्त त्यांना पाळीसारखी खूण नसते. तीन महिने पाळी आली नाही तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिनही तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. रक्तच कमी असेल तर दम कुठून येणार?

महागड्या पावडरीची गरज नाही. खान्देशातलं ताट मुळात खेळाडूचं ताट आहे. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत जी प्रथिनं कमी, ती उडदात जास्त. उडदात जी कमी, ती ज्वारीत. दोन्ही एकत्र दळणाऱ्या आपल्या आज्यांनी हा हिशेब कुठल्या प्रयोगशाळेशिवाय जुळवला होता. सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या मुलीला ७५ ग्रॅम. एक अंडं सहा ग्रॅम, ग्लासभर दूध आठ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे सात ग्रॅम, वर उडदाची डाळ, मठ, हरभरा. पळायच्या आधी एक केळं, आल्यावर दोन. केळी तर आपल्या रावेर-यावलची, जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पोरं उपाशी पळतात! चहा जेवणाबरोबर नको, तो लोह अडवतो. जेवणात लिंबू पिळा, ते लोह पोचवतं.

झोपही ताटाइतकीच. पहाटे साडेचारला उठायचं असेल तर रात्री नऊला मोबाइल ठेवून द्यायला हवा. हाडाची आणि स्नायूची दुरुस्ती झोपेत होते.

खान्देशचं ऊन

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, हे कुणाला सांगायला नको. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. कायम पहाटे पळणाऱ्याचं ग्राउंड अकरा वाजता लागलं तर तो उन्हाला सरावलेला नसतो. म्हणून तारीख कळल्यावर दोन आठवडे, आठवड्यातून तीन-चार दिवस, सकाळी नऊच्या सुमारास हलकं पळणं ठेवा, सोबत कुणीतरी हवंच. पाण्यात मीठ-साखर-लिंबू, किंवा ताक.

पळताना एखादा मुलगा असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर तो थकलेला नाही, त्याला उष्माघात झाला आहे. कांदा हुंगवत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला गार करा. शेताजवळ असाल तर मोटर चालू करून पाण्याच्या धारेखाली बसवा, किंवा हौदात गळ्यापर्यंत बसवून डोकं धरून ठेवा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका. ही पहिली दहा-वीस मिनिटं जीव वाचवतात.

कोणतं दुखणं ऐकायचं

दोन्ही पायांच्या मांड्या, पोटऱ्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी दुखतात, हलल्यावर मोकळ्या होतात, दोन-तीन दिवसांत जातात. हे चालतं. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखतं, पळायला लागल्यावर कमी होतं: हा इशारा आहे, पळणं निम्मं करा, टाचा उचलण्याचे व्यायाम वाढवा. पण एकाच ठिकाणी बोट ठेवता येतं, पळताना वाढतच जातं, रात्री ठणकतं, त्या पायावर एकदा उडी मारली तरी कळ जाते, तर त्या क्षणी पळणं बंद. हाडाची चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे स्वच्छ एक्स-रे बघून सुटलो असं समजू नका. जांघेत खोलवर दुखत असेल तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खुब्याच्या हाडाची चीर सरकली तर आयुष्यभराचं दुखणं होतं. आणि पळण्याआधी दुखण्याची गोळी खाऊन किंवा इंजेक्शन घेऊन मैदानात उतरू नका. दुखणं झाकलं जातं, चीर वाढत राहते, आणि उन्हात पाणी कमी पडलेलं असताना या गोळ्या किडनीलाही मारतात.

अकॅडमी चालवणाऱ्या भावांना हात जोडून सांगते. तुमच्यामुळे कितीतरी घरांत वर्दी आली आहे. पण पहिल्या दिवशी आलेल्या मुलीला सहा महिन्यांच्या बॅचबरोबर पळवू नका. पहिला महिना चालणं-पळणं आलटून पालटून, आठवड्यात तीन-चार दिवस, बोलता येईल एवढ्याच वेगाने. तीन आठवडे थोडं थोडं वाढवा, चौथा हलका ठेवा. टायमिंग रोज नको, दोन-तीन आठवड्यांनी एकदा घ्या. जाहिरात येण्याची वाट बघू नका. हाडाला लागणारे चार महिने जाहिरात आणि ग्राउंड यांच्यामध्ये मावतीलच असं नाही.

ती मुलगी त्या भरतीला उतरू शकली नाही. माझ्यासमोर ती रडली, आणि खरं सांगते, मलाही आवरलं नाही. सहा आठवडे पळणं पूर्ण बंद होतं. त्या काळात तिने वरच्या अंगाचे व्यायाम केले, शेताच्या विहिरीत पोहली, दोन भाकऱ्या आणि दोन अंडी खाल्ली. चौथ्या आठवड्यात पाळी आली. सातव्या आठवड्यात अर्धा तास भरभर चालूनही दुखलं नाही, त्या पायावर दहा उड्या मारल्या तरी कळ गेली नाही, आणि दोन्ही पायांवर टाचा सारख्याच, अठरा-अठरा वेळा उचलल्या गेल्या. तेव्हा कुठे तिला एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं सहा वेळा करायला सांगितलं. बांधाकडेच्या मातीच्या रस्त्यावर, वडील मोबाइलवर वेळ लावून उभे.

संध्याकाळी तिचा फोन आला, "ताई, काहीच दुखलं नाही, उद्या परत जाऊ?" मी म्हटलं, उद्या सकाळी उठल्यावर आधी अंगठ्याने तीच जागा दाबून बघ. हाड दुसऱ्या दिवशी बोलतं. दुखलं नाही तर उद्या विश्रांती, परवा परत एवढंच.

सकाळी सव्वासहाला मेसेज आला: "दाबलं. नाही दुखलं."